आधी त्याला सरळ विचार

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचलं आणि दुसरं काही सुचेना. "मी नसलो तर तुमच्या डोक्याचा ताप तरी जाईल," असं धाकटा बोलला आणि तू म्हणालास, "काहीतरीच बोलू नकोस." कुणीही हेच म्हणालं असतं. पण त्याचं बोलणं तिथंच तुटलं. ते पुन्हा सुरू कर.

कसं? सरळ. "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" जीभ रेटणार नाही, तरी विचार. विचारल्यानं नसलेलं डोक्यात भरवलं जाईल ही तुझी भीती. पण आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. कुणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना हायसंच वाटतं. तो 'हो' म्हणाला तर हादरशील. तेव्हा 'आईबाबांचं काय होईल', 'तुला काय कमी आहे' हे काढू नकोस. तो मनातून आधीच अपराधी झालाय. ऐकून घे. मग विचार, काही ठरवलंयस का, कधी. उत्तर जितकं नेमकं तितका धोका जवळ. मग त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचे. 'कुणाला सांगू नकोस' म्हणून शपथ घालेल. ती मानू नकोस. रागावला तर रागावू दे.

ज्यानं इजा होईल ते सगळं त्याच्या हाताशी राहणार नाही असं बघ. ती टोकाची ऊर्मी बरेचदा थोड्याच वेळाची असते; तेवढी टळली की जीव वाचू शकतो. औषधं सुरू झाली तर गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू देऊ नकोस. आणि रुग्णालयात ठेवावं लागलंच, तर घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे जास्त जपायचे असतात. नेमके तेव्हाच सगळे निर्धास्त होतात! टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. तुलाही तिथं बोलता येईल, फक्त त्यालाच नाही.

मला राहून राहून जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाचं काम आठवतंय. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पुढचे उपचार नाकारलेल्या किंवा अर्ध्यावर सोडलेल्या ८४३ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले आणि एका गटाला ५ वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. तुमची आठवण आहे, वाटलं तर दोन ओळी कळवा, एवढंच. उपदेश नाही, आग्रह नाही. पहिल्या २ वर्षांत त्या गटात आत्महत्या कमी झाल्या. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढ्याशा मजकुरानं! तू मात्र रोज 'झोपलास का, गोळी घेतलीस का' अशी उलटतपासणी घेतोस. गोळीचं विचारायलाच हवं, पण दिवसातून एखादा निरोप असाही जाऊ दे, ज्याला उत्तर द्यावंच लागणार नाही.

आणि हे सगळं तू एकट्यानं ओढू नकोस. त्याच्या जवळच्या एका मित्राला विश्वासात घे, मात्र धाकट्याला विचारून. शनिवारी मी येतो. रात्री त्याच्यापाशी मी थांबेन, तू झोप काढ. डॉक्टरांची वेळ तोवर घेऊन ठेव. नाही मिळाली तर मला लगेच फोन कर, आपण दुसरे बघू.

तुझा,
अविनाश