खांब रोवण्याआधी विचारा: मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मुख्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मोठ्या वाहतूक प्रकल्पांची निविदा काढण्याआधी लोकांना विचारणं बंधनकारक करा, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. वरळी कोळीवाड्यातल्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून ज्या वाटेने बाहेर पडतात, तिथेच पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांतलं अंतर ६० मीटर. उधाणात, वारा अंगावर घेत त्यातून होडी काढणं किती धोक्याचं, हे कोणत्याही नाखव्याने सांगितलं असतं. मच्छीमारांनी समुद्रात उतरून काम अडवलं तेव्हा कुठे एक खांब कमी झाला आणि अंतर १२० मीटर झालं. मागणी त्याहून मोठी होती. आराखडा बदलता येत होता, तर तो आधीच का बदलला नाही?

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे, तीस दिवसांची नोटीस आहे. पण सागरी किनारा मार्गाला फक्त सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) मंजुरी घेतली गेली. पर्यावरण मंजुरीही हवी होती, असं सांगून उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ ला ती सीआरझेड मंजुरी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं.

मेट्रो तर त्या अधिसूचनेच्या यादीतच नाही. मुंबईच्या मेट्रो-३ साठी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास झाला, कारण कर्ज देणाऱ्या जायका या जपानी संस्थेचा तसा नियम आहे. जपानी संस्था जे विचारू शकते, ते कर भरणाऱ्या मुंबईकराने विचारू नये, हे मला मान्य नाही. आणि नुसत्या अभ्यासाने भागत नाही, हे गोरेगावच्या आरे वसाहतीत दिसलंच. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तिथे करवती चालू झाल्या आणि मेट्रो-३ च्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं गेली.

केंद्राची यादी बदलेपर्यंत थांबू नका. राज्य, महापालिका किंवा एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक मोठ्या वाहतूक प्रकल्पाला निविदेआधी जनसुनावणी बंधनकारक करणारा शासन निर्णय काढा. परिणामांच्या अभ्यासाचा अहवाल अख्खा मराठीत द्या. होडीवाल्याला हवा तो तपशील सारांशात मावत नाही. किनाऱ्यावरच्या प्रकल्पांची सुनावणी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ठेवा, तेव्हा होड्या बंदरात असतात. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या.

वर्सोवा-भाईंदर मार्ग कांदळवनातून जाणार आहे. त्याच्या वाटेवरच्या कोळीवाड्यांत अधिकाऱ्यांना नकाशा घेऊन आत्ताच पाठवा.

आपली नम्र,
वरळीची एक रहिवासी