पद्मिनीचा कलर नंतर, आधी पत्रा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत जुन्या प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणण्याविषयी लेख आला होता. त्यातल्या इंजिन आणि वायरिंगच्या भागाबद्दल तक्रार नाही. गंजाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले: गंजलेला भाग घासून पुट्टी भरावी आणि रंग द्यावा. पाऊस सरला की दिवाळीआधी गाडी कलरला टाकायची आपल्याकडे रीतच आहे. या वाक्याच्या भरवशावर कोणी टाकली, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येणार. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या त्या हौसेने सांभाळलेल्या खासगी गाड्या, त्यामुळे हा विषय एका वाक्यात उरकण्यासारखा नाही.

पुट्टी म्हणजे पॉलिस्टर रेझिनमध्ये कालवलेली शंखजिऱ्याची भुकटी. ती पाणी पिते. भोकावर भरली की पुढून गुळगुळीत दिसते, पण मागची बाजू उघडीच असते आणि चाकाने उडवलेले पाणी थेट तिच्यावर बसते. शिवाय घासून चकचकीत केलेल्या गंजाच्या खळग्यांत तळाशी तांबूस काळा थर राहतोच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो पुट्टीला आतून ढकलत राहतो. त्यात आपल्याकडे पुट्टी घासायची ती नळी सोडून, पाण्याच्या पेपरने (ओला वापरायचा पॉलिश पेपर). घासताना प्यायलेले ते पाणी वर प्रायमर आणि कलर चढला की आत कोंडले जाते. पॉलिस्टर पुट्टी कोरडीच घासावी, 80 नंबरने सुरुवात करून 180 वर संपवावी. पाण्याचा पेपर सरफेसर (कलरखालचा जाड प्रायमर) चढल्यावर हातात घ्यावा, त्याआधी नाही.

दुसरी गोष्ट रंगापेक्षा गंभीर आहे. पद्मिनी म्हणजे भारतात बनलेली फियाट 1100. तिचा मूळ साचा 1953 सालचा आणि त्याला वेगळी चॅसी नाही. जीपचा वरचा पत्रा सडला तरी खालच्या चॅसीवर गाडी उभी राहते. पद्मिनीत फ्लोअर, दरवाज्याखालची पोकळ पेटी (गॅरेजात तिला सिल म्हणतात) आणि दरवाज्यांचे खांब मिळूनच चॅसी होते. मागचे पाटे (सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्या) ज्या पत्र्यात अडकवले आहेत तोही त्यातलाच. तिथे पुट्टी भरणे म्हणजे खांब पोखरलेल्या घराला चुना काढणे.

तपासणी घरी करता येते. मॅट आणि खालचा काळा नमदा पूर्ण उचला. पुढच्या सीटखाली तो ओला लागला तर फ्लोअर वरून सडतोय. काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी बहुधा तिथेच साठते. फ्रिजवर चिकटवायचा चुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या खालच्या भागावर, दरवाज्यांच्या तळाशी, मागच्या चाकांच्या कमानीवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे. मग बोटाच्या पेराने ठोका: पत्रा टणकन वाजतो, पुट्टी थप्प. सिलला खालून पेचकस टोचा, जरा जोर लावून. टोचल्याने भोक पडले तर ते आधीपासूनच होते. शेवटी सपाट जागी पुढची चाके अडवून गाडी मागून एका बाजूने जॅकवर थोडी उचला आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून लावून पाहा. जमिनीवर सहज लागणारा दरवाजा आता अडत असेल, तर सिल भार घेत नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोके घालू नका, सडक्या पत्र्यात जॅक वर घुसतो.

काम सिलचे असेल तर कापण्याआधीची तयारी हेच निम्मे काम आहे. गाडी चार स्टँडवर, तीही पाटे आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जागी टेकवलेली हवी. मध्यभागी टेकवली की शेल, म्हणजे पत्र्याचा सगळा सांगाडा, वाकते. दरवाजे लावून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. मग दरवाजा काढून त्या चौकटीत 25 मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि तिरका टाकून तात्पुरता जोडावा. दोन्ही सिल एकदम कापू नयेत: एक पूर्ण वेल्ड झाला, दरवाजा लावून फट जुळली, मगच दुसरा. घाईत ही पायरी सुटते आणि नंतर डेंटर बिजागऱ्या वाकवून दरवाजा बसवत बसतो. वेल्डिंगआधी बॅटरी काढणे आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवणे हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

किती कापायचे? दिसणाऱ्या भोकापासून निदान दोन बोटे पुढे, ग्राइंडर फिरवल्यावर दोन्ही बाजूंनी पांढरा, खळगे नसलेला पत्रा लागेपर्यंत. गंजून कागदाएवढा झालेला पत्रा वेल्डिंगच्या ठिणगीसमोर नुसता विरघळतो, आणि एक भोक बुजवताना तीन नवी पडतात. कापलेल्या तुकड्याचे कोपरे गोल ठेवावेत. काटकोनात ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो.

नवा पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा लोखंडी) शीटचा, 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिमी. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड. फ्लोअरला आणि सिलच्या आतल्या बाजूला 18 गेज चालतो. मजबुतीच्या नावाखाली 16 गेजची पाटी जोडणारे बरेच आहेत, पण जाड पत्रा तापेपर्यंत शेजारचा मूळ पत्रा जळून जातो, आणि पुढे ताण नेमका जोडाच्या काठावर येतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा गंजत नाही म्हणून तोच घाला, असा आग्रह गिऱ्हाईक धरते. त्यावरचे जस्त वेल्डिंगमध्ये जळते, टाक्यात बारीक छिद्रे राहतात आणि तो धूर घेणाऱ्याला संध्याकाळी थंडीताप भरतो. ॲल्युमिनियमचा तुकडा पॉप रिव्हेटने मारणे तर सर्वांत वाईट. दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. फ्लोअरच्या मूळ पत्र्याला नाळी दाबलेल्या असतात, त्या तुकड्यातही ठोकून काढाव्यात. सपाट तुकडा गाडी चालताना डब्यासारखा वाजतो.

जोड समोरासमोर हवा. एकावर एक चढवलेला जोड करायला सोपा, पण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शोषणारी फट राहते आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. तुकडा आधी पुठ्ठ्यावर कापून बसवून पाहावा, मग पत्र्यावर उतरवावा. कडांमध्ये वेल्डिंगच्या वायरीच्या जाडीएवढी, म्हणजे 0.8 मिमी फट ठेवावी. सीओटू वेल्डिंगला (कार्बन डायऑक्साइडच्या झोतात वायर वितळवून केलेले वेल्डिंग) 0.6 मिमीची वायर मिळाली तर उत्तम, नाहीतर 0.8. निव्वळ सीओटूपेक्षा आर्गॉन मिसळलेला गॅस पातळ पत्र्याला मऊ लागतो. टाके इंचाइंचावर घालायचे, तेही ओळीने नाही: एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. टाका हाताला सोसेल इतका निवला की शेजारचा. घाईने ओळीत ओढलेली शिवण पत्र्याला आत ओढते, बॉनेट किंवा दरवाज्यासारख्या सपाट भागावर लाट येते, आणि ती लाट लपवायला मग तीच पुट्टी. ओल्या फडक्याने टाका विझवण्याची सवयही सोडावी.

जुने डेंटर गॅस वेल्डिंगवर अडून बसतात, त्यात सगळा हट्ट नाही. गॅसचा टाका मऊ राहतो, हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे मागून धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकून सपाट करता येतो. सीओटूचा टाका कडक असतो आणि ग्राइंडरनेच उतरवावा लागतो. पण गॅसची ज्योत फार मोठा भाग तापवते आणि आजूबाजूचा पत्रा फुगतो. ज्याचा हात बसला आहे त्याने मडगार्ड गॅसने करावे. सिल आणि फ्लोअर सीओटूनेच. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांचे जोड) होते तिथे वरच्या पत्र्यात 6 ते 8 मिमीची भोके पाडून ती भरावीत, संख्या मुळाएवढी ठेवावी, कमी नाही. पाटे जिथे अडकवतात त्या हँगरजवळ हे फार कडक पाळावे. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत सस्पेन्शन किंवा सीटबेल्टच्या जोडणीपासून 30 सेंटीमीटरच्या आतला मोठा गंज गाडी नापास करतो, तो उगीच नाही.

टाके घासून झाले की रात्री आतून दिवा धरून बाहेरून पाहा. उजेडाचा एकही ठिपका दिसला तर तिथे पाणी शिरणार. पेटीच्या आत दिवा जात नसेल तर शिवणीवर एका बाजूने रॉकेल लावा, दुसऱ्या बाजूला खडू फिरवा. छिद्र असेल तिथे खडू ओला होतो.

उघडा पत्रा त्याच दिवशी टू-पॅक (दोन डब्यांतले मिसळून लावायच्या) इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. साधा रेड ऑक्साइड ओल आत सोडतो, तो दाराच्या ग्रिलला ठीक. पुट्टी लागलीच तर इपॉक्सीवर, तो खरखरीत करून, आणि 2 मिमीच्या आत. जुलैत हे काम घेऊच नये: सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो. 'रस्ट कन्व्हर्टर' (गंजावर लावायचे रसायन) वरवरच्या लालीवर चालतो, पापुद्रे सुटलेल्या गंजावर नाही. फॉस्फोरिक ॲसिड वापरले असेल तर ते पूर्ण धुऊन, वाळवून घ्यावे, आम्लाच्या थरावर इपॉक्सी धरत नाही. वाळूचा मारा फक्त फ्लोअर आणि पाट्यांच्या जागी करावा. दरवाज्याच्या सपाट पत्र्यावर केला तर पत्रा फुगून खराब होतो.

सिलच्या आत वेल्डिंगने जळलेली बाजू कोणालाच दिसत नाही, आणि दुसऱ्यांदा गंज तिथूनच येतो. कलर पूर्ण वाळल्यावर लांब नळीच्या गनने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात मारायचे मेण) मारावे, तळाच्या निचऱ्याच्या भोकांतून ठिबकेपर्यंत, आणि ती भोके लगेच काडीने मोकळी करावीत. त्याऐवजी जळके ऑइल मारण्याची पद्धत अजून चालते. ते रबर फुगवते, आणि पुढे तिथे कोणताही प्रायमर धरत नाही. गंजावर डांबरी अंडरकोटिंग ओतणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. वरून काळेभोर सुंदर, आत ओल कोंडलेली.

आता तयार पार्टबद्दल. कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारात टॅक्सीतून निघालेले दरवाजे, मडगार्ड मिळतात. घेताना गाडी कुठे वापरलेली होती ते विचारावे. सोलापूर-नागपूरकडचा दरवाजा समुद्राकाठच्या गाडीपेक्षा बहुतेक चांगला निघतो. टॅक्सीच्या दरवाज्याचे वरचे दोन तृतीयांश ठणठणीत आणि तळ सडलेला असतो, म्हणून नुसता रंग पाहून पूर्ण दरवाज्याचे पैसे देऊ नयेत. हाताने बनवलेले नवे मडगार्ड पुष्कळदा 22 गेजचे असते, उचलल्यावरच हलके लागते. जुने असो की नवे, वेल्डिंगआधी क्लॅम्प आणि स्क्रूने बसवून बॉनेट आणि दरवाजा लावून फटी जुळल्या का ते पाहावे. वेल्ड झाल्यावर न जुळलेली फट जुळत नाही, ती पुट्टीने लपवली जाते.

लेखात अजिबात नसलेला एक मुद्दा कागदपत्रांचा. 2021 साली मोटार वाहन नियमांत विंटेज नोंदणीची तरतूद झाली: 50 वर्षे झालेली, मूळ रूपातली, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. पद्मिनी या नावाने निघालेल्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. म्हणून चॅसी नंबर ठोकलेला पत्रा कधी कापू नये, त्यावर तुकडा चढवू नये, पुट्टी तर लावूच नये. कापण्याआधीचे, कापल्यावरचे आणि वेल्ड झाल्यावरचे फोटो मोजपट्टी धरून काढून ठेवावेत. पत्रा बदलला, आकार बदलला नाही, हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

गॅरेजवाल्याशी बोलताना 'कलर किती' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी पत्र्याचा भाव वेगळा मागावा, आणि अट घालावी की वेल्डिंग संपल्यावर, पुट्टीचा डबा उघडण्यापूर्वी, मालकाला बोलवायचे. जो डेंटर याला लगेच हो म्हणतो, गाडी त्याच्याकडे टाकावी.

ज्यांना यंदा यातले काही करायचे नाही, त्यांनी निदान प्रत्येक दरवाज्याच्या तळाची निचऱ्याची भोके झाडूच्या काडीने मोकळी करावीत. काचेच्या रबरातून आत गेलेले पाणी तिथूनच बाहेर पडते. ती बुजली की दरवाजा आतून टाकीसारखा भरतो. काडीबरोबर काळा चिखल येईल. तो येतोय तोवर काडी फिरवत राहा, मग बादलीभर पाणी काचेवर ओतून खालून धार पडते का ते बघा.

– जुन्या गाड्यांच्या पत्राकामातले काही जण, कुर्ला