‘टेंडर्ड व्होट’ म्हणजे ‘चॅलेंज व्होट’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक जवळ आली की ‘यादीत नाव नसले तरी ओळखपत्र दाखवा आणि ४९ए कलमाखाली चॅलेंज व्होट मागा’ असा संदेश मोबाइलवर फिरू लागतो. ‘टेंडर्ड व्होट’ आणि ‘चॅलेंज व्होट’ हे शब्द एकाच अर्थाने छापलेलेही मी अनेकदा वाचले आहेत. शिक्षकाच्या नोकरीत केंद्राध्यक्षाचे काम बऱ्याच वेळा वाट्याला आल्यामुळे या दोहोंतील फरक मला जवळून ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

‘चॅलेंज’ हा मतदाराचा हक्क नाहीच. समोर उभी असलेली व्यक्ती यादीतील ती मतदार नव्हे, असा संशय उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला आला, तर तो २ रुपये अनामत भरून तिच्या ओळखीवर आक्षेप घेतो. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय देतो. ‘टेंडर्ड व्होट’चा प्रसंग याहून वेगळा. मतदार केंद्रावर येतो, यादीत त्याचे नाव असते, पण त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलेले असते. ओळख पटली, तर निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील ४९पी या नियमानुसार त्याला कागदी मतपत्रिका मिळते. ४९ए हा नियम मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. यादीत नावच नसेल, तर यांपैकी कोणत्याही मार्गाने मत देता येत नाही.

गोंधळाचे एक मूळ शब्दातच आहे. ‘टेंडर’ म्हटले की आपल्याला ठेकेदाराची निविदा आठवते. प्रशिक्षणवर्गात माझ्या एका सहकाऱ्याने ‘कशाचे टेंडर?’ असे खरोखरच विचारले होते. या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ मात्र पुढे करणे, देऊ करणे असा आहे. लॅटिनमधील ज्या धातूपासून ते आले, त्याचा अर्थ ताणणे, हात लांबवणे. चलनाला ‘लीगल टेंडर’ म्हणतात तेही याच अर्थाने. म्हणजे टेंडर्ड व्होट हे मतदाराने पुढे केलेले मत आहे. ते मोजणीत धरलेच जाईल, असे हा शब्द कोठेही सांगत नाही. मराठीतील अधिकृत ‘प्रदत्त मत’ हा शब्द अर्थाने जवळचा असला, तरी ऐकणाऱ्याला त्यातून काहीच उलगडत नाही.

एका गावातल्या केंद्रावर दुपारी सत्तरीच्या एक बाई आल्या. यादीत त्यांच्या नावापुढे मत दिल्याची खूण होती, पण बोटाला शाई नव्हती. ‘माझं मत कुणी टाकलं?’ एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. ओळखपत्र पाहून, प्रश्न विचारून मी खात्री करून घेतली, नमुना १७बी मध्ये, म्हणजे प्रदत्त मतांच्या यादीत, त्यांचा अंगठा घेतला आणि पाठीवर ‘प्रदत्त मतपत्रिका’ असा शेरा मारलेली पत्रिका त्यांच्या हाती दिली. त्यांनी आडोशाला जाऊन शिक्का मारला, घडी घातली, आणि मी ती वेगळ्या पाकिटात ठेवली. ‘आता हे मोजतील ना?’ या त्यांच्या प्रश्नावर मला खरे तेच सांगावे लागले: मोजणीच्या दिवशी हे पाकीट उघडत नाहीत. निवडणूक याचिकेत न्यायालयाने आदेश दिला, तरच ते उघडते.

तरीही त्या पाकिटाला किंमत आहे. २००८ साली राजस्थान विधानसभेच्या नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी केवळ एका मताने पराभूत झाले, तेव्हा अशाच प्रदत्त मतांचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आपल्या नावावर दुसऱ्यानेच मत दिल्याचे कळताच मतदार संतापून घरी परतला, तर तोतयेगिरीची ही लेखी नोंदच होत नाही, आणि माझ्या अनुभवात परतणारेच अधिक असतात.

म्हणून विनंती अशी की, बातमीत हा शब्द येईल तेथे ‘आपल्या नावावर आधीच मत पडले असल्यास कागदावर नोंदवून वेगळे ठेवले जाणारे मत’ एवढा खुलासा सोबत छापावा, ‘चॅलेंज व्होट’ हा शब्द त्याच्या जागी वापरू नये, आणि नियम ४९पी हा क्रमांक मतदानाच्या आदल्या दिवशीच्या अंकात ठळक द्यावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे जिल्हा