स्लो कुकरच्या सुपात नूडल्स सकाळी नकोत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्लो कुकरमधील (विजेवर मंद आचेने तासन्‌तास शिजवणाऱ्या भांड्यातील) चिकन नूडल सूपची कृती वाचली. फ्रीझरमधले चिकन, भाज्या, पाणी आणि नूडल्स सकाळी एकदम भांड्यात घालायचे, बटण ‘लो’वर ठेवायचे आणि आठ तासांनी थेट वाढायचे, असे तिचे सार आहे. यात दोन चुका आहेत. एकीमुळे सुपाची खळ होते, दुसरीमुळे पोट बिघडू शकते.

पोटाचे आधी. साडेतीन लिटरचा स्लो कुकर साधारण 200 वॅटचा असतो, म्हणजे इंडक्शन शेगडीच्या एक दशांश. अन्नातले जिवाणू 4 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. गोठलेले चिकन आणि नळाचे गार पाणी घेऊन एवढ्या मंद आचेवर हा पट्टा ओलांडायला काही तास लागतात. काही जिवाणूंनी तोपर्यंत सोडलेले विष पुढे कितीही शिजवले तरी नष्ट होत नाही. म्हणून चिकन आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावे, पाणी उकळते घालावे आणि पहिला तास ‘हाय’वर ठेवावा. उकळते पाणी ओतण्यापूर्वी मातीचे भांडे फ्रीजमधून काढलेले, थंडगार नसावे, तडा जातो. ‘वॉर्म’ हे बटण शिजलेले अन्न गरम राखण्यासाठी आहे, शिजवण्यासाठी किंवा फ्रीजमधले शिळे तापवण्यासाठी नाही.

बहुतेक मॉडेलांत ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानालाच पोचतात. फरक आहे तो तिथे पोचायला लागणाऱ्या वेळेचा. ‘लो’वर ठेवले म्हणजे कितीही तास ठेवता येते, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

आता चिकन कोणते? कृतीत नुसते ‘बोनलेस’ लिहिले आहे. बोनलेस म्हणजे आपल्याकडे बहुधा छातीचे मांस मिळते, आणि ते ‘लो’वर तीन-चार तासांत होते. आठ तास ठेवले तर सुतासारखे कोरडे, चोथट होते, रसात बुडालेले असूनही. स्लो कुकरला हाडासकट मांडी आणि तंगडी हवी. तिथल्या चिवट पडद्यांचे संथ आचेवर जिलेटिन होते आणि रश्शाला अंग येते. करी कट घेऊ नये. बारीक हाडांच्या कपच्या सुपात सुटतात आणि नूडल्सबरोबर घशाखाली जातात. दुकानदाराला अख्खे लेग पीस मागावेत, ब्रॉयलरचे. गावरान कोंबडी मिळाली तर उत्तमच, फक्त वेळ दीड-दोन तासांनी वाढवावी.

साडेतीन लिटरच्या भांड्यासाठी प्रमाण असे: हाडासकट लेग पीस 700 ग्रॅम, पाणी सव्वा लिटर, मध्यम कांदा एक, गाजरे दोन, सेलरीचे देठ दोन, लसूण पाच-सहा पाकळ्या, आठ-दहा मिरे, मीठ सगळे मिळून दीड चमचा. भांडे निम्म्यापेक्षा कमी आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. सेलरी नसेल तर कोथिंबिरीचे देठ चालतात. अमेरिकी कृतींतले ‘बे लीफ’ हे पान भूमध्य सागराकडच्या लॉरेल या झाडाचे असते. आपले तमालपत्र वेगळ्या झाडाचे, दालचिनीच्या वासाचे, आणि सात तासांत ते सगळ्यावर कुरघोडी करते. अर्धे पान पुरे, नाही घातले तरी बिघडत नाही.

आपला कांदा तिखट असतो. तो कच्चाच टाकला तर झाकणाखालच्या वाफेत त्याचा उग्र वास कोंडून राहतो, कारण इथे काहीच परतले जात नाही आणि फारसे आटतही नाही. म्हणून कांदा-लसूण चमचाभर लोण्यावर पाच मिनिटे परतून घ्यावा. लेग पीस वेगळ्या पाण्यात तीन-चार मिनिटे उकळून ते फेसाळ पाणी फेकून दिले तर सूप स्वच्छ उतरते. हे सोडले तरी चालेल, मग दिसायला जरा गढूळ होईल इतकेच.

गाजराचे तुकडे पेराएवढे करून तळाशी आणि कडेला लावावेत, वर चिकन. उष्णता बाजूंनी येते आणि कंदमुळे मांसापेक्षा उशिरा शिजतात. पहिल्या तासानंतर ‘लो’वर सहा तास, किंवा सगळेच ‘हाय’वर साडेतीन-चार तास. दर वेळी झाकण उचलले की शिजण्याचा वेळ पंधरा-वीस मिनिटांनी लांबतो, त्यामुळे डोकावण्याची हौस आवरावी. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता मांसात खुपसावा. 74 अंशांना ते सुरक्षित होते, पण मांडी हाडापासून सुटायला त्याहून बरेच जास्त लागते.

नूडल्स सर्वांत शेवटी. आठ तास रश्शात राहिलेल्या नूडल्स आधी फुगतात, मग तुटतात, त्यांचा पिठूळपणा सुपात उतरतो आणि रस्सा उरतच नाही. त्यासाठी चिकन बाहेर काढून हाडे वेगळी करावीत, त्याच वेळी कुकर ‘हाय’वर करून अर्धा तास थांबावे आणि कडेला बुडबुडे दिसल्यावर 120 ग्रॅम नूडल्स घालाव्यात. अमेरिकेतल्या रुंद, चपट्या, अंड्याच्या नूडल्सना पंधरा-वीस मिनिटे लागतात. आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या एग हक्का नूडल्स बारीक असतात. पाच मिनिटांनी एक चाखून पाहावी. त्यापेक्षा सोपे म्हणजे गॅसवर वेगळ्या शिजवून वाडग्यात घालाव्यात आणि वरून सूप ओतावे. उद्यासाठी सूप उरवायचे असेल तर हाच मार्ग. मांसाचे धागे परत घालून मीठ आता पाहावे (स्टॉक क्यूब वापरला असेल तर आधी अजिबात घालू नये) आणि वाढताना लिंबू पिळावे. इतक्या तासांच्या शिजण्याने बोथट झालेली चव त्याने जागी होते.

हे यंत्र नूडल्ससाठी जन्मलेलेच नाही. अमेरिकेतील अर्विंग नॅक्सन यांना याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले. लिथुआनियातील ज्यू घरांत शब्बाथसाठी, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, रात्रभर बेकरीच्या भट्टीत ठेवले जाणारे चोलंट हे मांस आणि बीन्सचे कालवण ही मूळ प्रेरणा, आणि यंत्राचे नाव होते ‘नॅक्सन बीनरी’, बीन्सवरूनच. पुढे रायव्हल कंपनीने ते विकत घेऊन 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणले. घेवडावर्गीय दाण्यांचे नाव निघालेच आहे तर एक इशारा: कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. त्यातले लेक्टिन हे विषारी प्रथिन उकळीशिवाय नष्ट होत नाही आणि मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा जोराच्या उलट्या घडवतो. तो भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच कुकरमध्ये घालावा.

आपल्याकडच्या दोन गोष्टी अमेरिकी कृतींत नसतात. पहिली, वीज. आपण घरी असताना गेली तर सूप लगेच गॅसवर चढवावे. पूर्ण शिजल्यावर गेली असेल तर झाकण बंद ठेवून दोन तासांपर्यंत चिंता नाही. मात्र आपण दिवसभर बाहेर होतो आणि मध्ये किती वेळ वीज नव्हती हे कळायला मार्ग नसेल, तर सूप कितीही छान दिसत असले तरी ओतून द्यावे. गोल बटणाचा कुकर वीज आल्यावर मुकाट्याने पुन्हा सुरू होतो, काही सांगत नाही. डिजिटल मॉडेल पुष्कळदा बंदच राहते. त्याच बोर्डावर बॅटरी नसलेले डिजिटल घड्याळ लावले तर निदान वीज गेल्याचे कळते.

दुसरी, परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला कुकर. तो 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टवर थेट लावला तर त्याची कॉइल सुमारे पावणेचार पट वीज खेचते आणि जळते. केवळ पिन बदलणारा अडॅप्टर उपयोगाचा नाही. व्होल्टेज उतरवणारा, निदान 500 वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो.

प्रेशर कुकरमध्ये हेच सूप अर्ध्या तासात होते, हे खरेच. ज्यांना दिवसभर गॅसपाशी थांबायचे नाही त्यांच्यासाठी मात्र स्लो कुकर सोयीचा आहे, आणि विजेचा खर्चही दीड-दोन युनिटांच्या पलीकडे जात नाही. ही कृती आपल्या संकेतस्थळावर अजून तशीच दिसते. निदान गोठलेले चिकन आणि नूडल्सविषयीची दोन वाक्ये तेथे बदलावीत, ही विनंती.

कळावे,
एक वाचक, ठाणे