देवळीतला दात

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

काल तू ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सजवळ फोन धरलास, तो आवाज रात्रभर कानात होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर सकाळच्या पहिल्या एसटीनं गावी आलो असतो. त्यात तू म्हणालीस, ट्रॅक्टर घ्यायला गिऱ्हाईक आलंय आणि गॅरेजवाला सांगतोय, १४० नंबरचं जाड ऑइल आणि मूठभर लाकडाचा भुसा टाका, आवाज बसेल. ताई, हे करायचं नाही. आवाज दबेल, झीज तशीच चालू राहील. शिवाय आपल्या ट्रॅक्टरला गिअरचं आणि मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचं ऑइल एकच. भुसा जाळीत अडकला की पंप उपाशी राहतो.

आधी आवाज कुठला ते शोध. न्यूट्रलला इंजिन चालू ठेव, क्लचवरचा पाय काढ. घरघर येत असेल तर क्लच पूर्ण दाब. आवाज गेला, तर आतल्या शाफ्टची बेरिंगं. दाबल्यावरच किरकिर आली, तर क्लचचं रिलीज बेरिंग. एकाच गिअरमध्ये ओरडतो, तर त्या गिअरचे दात. सगळ्या गिअरात, फक्त चालताना, आणि रेस सोडली की सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर वळवणारी गिअरची जोडी. वळतानाच कुरकुरला तर डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर. मला तरी बेरिंगं वाटली, पण तू खात्री कर.

मग ऑइल काढ, ट्रॅक्टर तासभर चालवून गरम असताना. घाणही त्याच्याबरोबर खाली येते. तळाच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असेल, तो बोटांत चोळून बघ. लोण्यासारखा मऊ लागला तर वयाची झीज. चमकत्या पापुद्र्या दिसल्या, कण टोचले, तर काहीतरी फुटतंय. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय. गिअर लिव्हरचं रबर फाटलंय, पावसात ट्रॅक्टर उघड्यावर होता, तिथूनच गेलं असेल. नवं ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच घाल.

आता देवळीत हात घाल. दिव्यामागे फडक्यात बांधलेला लोखंडाचा तुकडा आहे. गिअरचा दात आहे तो, तू चौथीत होतीस तेव्हाचा. माघातली रात्र, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, पुढं ओढ्याचा उतार. तीन आठवडे घरघर ऐकत होतो आणि हंगाम उरकू दे, मग बघू, म्हणत होतो. उतारावर दात मोडला, गिअर सुटला आणि ट्रॉल्यांनी ट्रॅक्टर पुढं रेटायला सुरुवात केली. इंजिनाचा अटकाव गेल्यावर नुसते ब्रेक एवढं वजन धरत नाहीत. बांधावर घातला म्हणून वाचलो. तुझ्या आईला सांगितलं, पंक्चर होतं.

तो दात मोडलाय त्या बाजूनं उजेडात धर. अर्धा भाग काळपट, गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा. उरलेला खडबडीत, साखरेच्या दाण्यासारखा. खडबडीत भाग त्या रात्री एका झटक्यात तुटला. काळपट भाग म्हणजे आधीची चीर, रोज थोडी थोडी पुढं सरकलेली. मी ज्या दिवशी घरघर ऐकूनही ट्रॉली जोडली, त्या दिवशीही ती सरकतच होती.

म्हणून चालता चालता गिअर आपोआप निसटत असेल, तर ट्रॉली जोडूच नकोस.

खोलायची वेळ आली तर ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागेल. दोन्ही भागांखाली पक्के ठोकळे हवेत, आणि पुढच्या एक्सलवर दोन्ही अंगांनी लाकडी पाचरी ठोकून घ्या, नाहीतर इंजिन एका बाजूला कलंडतं. तू त्याच्याखाली जाऊ नकोस. बेरिंगांबरोबर ऑइल सील बदला, क्लच प्लेट बघा, मजुरी एकदाच. गिअर घालायचा तर जोडीचाही घाला, झिजलेल्या दातांवर नवा गिअर नीट बसत नाही.

आणि विकायचाच असेल तर आवाजासकट वीक. गिऱ्हाइकाला स्वतः चालवू दे, प्लग दाखव. पैसे कमी आले तर येऊ देत. तो पोरगाही ऊसच ओढणार आहे, आणि उतार त्याच्याही वाटेवर आहे.

शनिवारी प्लग खोललास की फोन कर. लगदा बोटाला कसा लागला, तेवढं आधी सांग.

तुझा
आबा