‘आधी’चा रकाना

सोलापूर,
१४ मे

प्रिय मंदा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला म्हणून मीच माझे कान धरते, तू धरायच्या आत. गुडघ्याचं वाचलं. तेल चोळ, शेक दे असं काही सांगत नाही. दोघींनी आयुष्यभर लोकांना तेच सांगितलंय. एक्स-रे काढलास का, एवढंच कळव.

परवा नर्सेस डे झाला. तोच कार्यक्रम गं, पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, शपथ, मेट्रन मॅडमचं भाषण आणि प्रत्येकीला एक गुलाब. उकाडा असा की मेणबत्ती पेटवायच्या आधीच वाकत होती. मला मात्र माझ्या नव्या कामाची अशी खोड लागलीय, की शपथ चालू असताना मी सगळ्यांचे हात बघत उभी. कुणाच्या बोटात दोन अंगठ्या, कुणाची नखं रंगवलेली, एकीच्या हातावर बहिणीच्या लग्नाची मेंदी. कार्यक्रम संपला, पोरींनी बोटांवरचं मेण एप्रनला पुसलं आणि तशाच वॉर्डात गेल्या. एक थेट सहा नंबरच्या कॉटवर सलाईन बदलायला. गुलाब एप्रनच्या खिशात होता.

तुला सांगायचं राहिलं, जानेवारीपासून मी सर्जिकल वॉर्डात नाही. मला इन्फेक्शन कंट्रोल नर्स केलंय. शिवाय कॉलेजच्या पोरी वॉर्डात पोस्टिंगला आल्या की त्याही माझ्याच गळ्यात. नाव मोठं आहे, पण मामा लोक मला ‘हात धुणाऱ्या बाई’ म्हणतात. मागे म्हणतात, पण ऐकू येतं.

पहिल्याच महिन्यात मी पोरींची एक छोटी परीक्षा घेतली. आपल्या वेळी मायक्रोबायोलॉजी म्हणजे पाठ करून विसरायचा विषय होता. आता बीएस्सीच्या नव्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सेमिस्टरला मायक्रोबायोलॉजीच्या जोडीला इन्फेक्शन कंट्रोलच शिकवतात. पेपर तपासताना मला गंमत वाटली. हात कधी धुवायचे, त्या पाचही वेळा ओळीने लिहिल्या होत्या: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी वगैरेचा संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं स्पिरिट, वीस ते तीस सेकंद, साबण-पाणी चाळीस ते साठ सेकंद. कचऱ्याची कुठली पिशवी पिवळी, कुठली लाल, सगळं बरोबर. एकीने तर लिहिलं होतं, की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या जुलाबाच्या पेशंटनंतर हँडरब चालत नाही, त्याचे स्पोअर, म्हणजे टणक कवचातली रूपं, स्पिरिटने मरत नाहीत, तिथे साबण-पाणीच लागतं. मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. आता खुर्चीवर बसून चहा प्यावा.

मग सोमवारी वही घेऊन वॉर्डात एका कोपऱ्यात उभी राहिले. वहीत दोनच रकाने आखले होते, ‘आधी’ आणि ‘नंतर’. कॉटपाशी कुणी गेलं की बघायचं, हात आधी साफ केले का, नंतर केले का. केले तर रेघ. कुणाचं नाव नाही, फक्त स्टुडंट, सिस्टर, डॉक्टर, मावशी. राउंड संपेपर्यंत ‘नंतर’च्या रकान्यात रेघांचे छान गठ्ठे झाले होते. ड्रेसिंग झालं, धुतले. युरोबॅग, लघवीची पिशवी, रिकामी केली, खसाखसा धुतले, वासही घेऊन बघितला. आणि ‘आधी’चा रकाना बाई, भाद्रपदातल्या गच्चीवरच्या वाळवणासारखा. जवळजवळ कोरा.

मी त्या वहीकडे बघत बसले. हात सगळ्याच धुतात, पण स्वतःसाठी धुतात. घाण वाटली की धुतात. पेशंटला आपली घाण लागेल हे पुस्तकात कळतं, पण बोटांना कळत नाही. हे काही माझ्याच वॉर्डाचं नाही. जगभर जिथे जिथे असं मोजलंय तिथे बहुतेक ठिकाणी पेशंटला हात लावण्याआधीचं प्रमाण नंतरच्यापेक्षा कमीच भरतं. म्हणजे आपल्या सोलापूरच्या पोरी जगाच्या बरोबरीने आहेत, एवढाच काय तो अभिमान.

पण ते एवढ्यावर नाही. पहिल्या दिवशी एक पोरगी वेगळी होती. पूजा म्हणू या. उमरग्याकडची, बारीक आवाजाची. आयव्हीतून इंजेक्शन द्यायच्या आधी तिने हँडरब घेतलं, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवती, नखांच्या टोकांपर्यंत नीट चोळलं, हात वाळेपर्यंत थांबली. मग कॅन्युलाचं, शिरेतल्या नळीचं, तोंड स्वॅबने घासलं, तेही पुसल्यासारखं नाही, मोजून घासलं. मी खूश होऊन रेघ मारतेय तोच इनचार्ज सिस्टरचा आवाज आला, “अगं, तीस पेशंट आहेत. तू हातच चोळत बस, मी देते सगळ्यांची इंजेक्शनं.” सगळ्या हसल्या. पूजाही हसली. आणि मी, मंदा, मी काही बोलले नाही. इनचार्ज माझ्यापेक्षा चार वर्षांनी सीनियर, नुकतीच माझी या पदावर नेमणूक झालेली, उगीच वाईटपणा कशाला, म्हणून वहीत मान घातली. पुढच्या आठवड्यात बघितलं तर पूजाचं काम झपाझप चालू होतं. ‘नंतर’ला रेघ, ‘आधी’ला काही नाही. तिला पेपर आजही दिला तर ती पूर्ण मार्क घेईल.

आपलं तरी काय वेगळं होतं? तो डेटॉलचा कटोरा आठवतो का? स्टँडवर ठेवलेला एनामलचा, बाजूला एक टॉवेल. सकाळी भरायचा आणि दुपारपर्यंत अख्खा वॉर्ड त्यातच हात बुचकळायचा, डॉक्टरांपासून आपल्यापर्यंत, आणि सगळे त्याच टॉवेलला पुसायचे. पाणी दुधासारखं पांढरं असायचं म्हणून आपल्याला ते शुद्ध वाटायचं. चिटल फोरसेप, निर्जंतुक वस्तू उचलायचा चिमटा, बाटलीत उभा, ती बाटली कधी धुतली जायची देव जाणे. काचेच्या सिरिंज उकळायला ठेवून आपण डबे खायचो. ट्यूटर मॅडम वर्गात ॲसेप्सिस, म्हणजे जंतू शिरू न देणं, शिकवायच्या आणि खाली वॉर्डात सिस्टर कटोरा शिकवायची. आपण कोणाचं ऐकलं? कटोऱ्याचं. परीक्षा वर्षातून एकदा, सिस्टर रोज.

पोरींना मी सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगते, ती त्यांना आवडते. व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी शिकायच्या. डॉक्टरांच्या वॉर्डात बाया जास्त मरायच्या, इतक्या की तिथे नको म्हणून बाया हातापाया पडायच्या. १८४७ मध्ये त्याचा मित्र कोलेचका गेला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी त्याला लागली होती, आणि त्याच्या शरीरात तीच लक्षणं निघाली जी बाळंतिणींत निघायची. तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला, की डॉक्टर मुडद्यांच्या खोलीतून सरळ बाळंतिणीकडे येतात. सुइणी त्या खोलीत जातच नव्हत्या. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाया गेल्या होत्या, जूनमध्ये दोन. इथपर्यंत आलं की पोरी टाळ्या वाजवायच्या बेतात असतात. मग मी पुढचं सांगते, की लोकांना ते पटलं नाही, आपले हात घाण असतील हेच मोठमोठ्या डॉक्टरांना सहन झालं नाही, आणि तो १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला, तोही जखम चिघळून. एक पोरगी म्हणाली, “मॅडम, आपल्या इनचार्जना सांगा ना ही गोष्ट.” मी पुन्हा वहीत मान घातली. सवय झालीय.

आता मार्चमधलं सांगते. हे मी घरीही कुणाला सांगितलं नाही.

एक दुसऱ्या वर्षाची पोरगी संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात उभी. आत येईना. शेवटी बोट पुढे केलं, बघण्यासारखं काही नव्हतंच, बारीक लाल ठिपका. आदल्या दिवशी सकाळी सुई टोचली होती. टोपण परत लावताना. टोपण लावायचं नाही हे तिने माझ्याच पेपरात लिहिलं होतं, अधोरेखित करून. मी विचारलं, मग का लावलंस? तर म्हणाली, पेशंट शेवटच्या कॉटवर, निडल कटर, सुया कापायचं यंत्र, नर्सिंग स्टेशनवर, मध्ये नातेवाइकांची गर्दी, उघडी सुई घेऊन कशी चालणार? मला उत्तर सुचलं नाही. मी स्वतः तिथून चालत गेले, बावीस पावलं आहेत. त्या बावीस पावलांना पुस्तकात जागा नाही.

आणि काल का नाही आलीस? तर मॅडम रागावतील, क्लिनिकलचे मार्क जातील, घरी कळवतील. टोचल्यावर तिने बोट दाबून दाबून रक्त काढलं होतं आणि वर स्पिरिट ओतलं होतं. सगळ्याच करतात. खरं म्हणजे दाबायचं नाही, चोळायचं नाही, वाहत्या पाण्यात साबणाने धुवायचं आणि तडक सांगायला यायचं. एचआयव्हीची औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, आणि ही बाई तीस-पस्तीस तास उशीखाली गुपित घेऊन झोपलेली. पोरी सगळ्या एचआयव्हीलाच भितात. अशा टोचण्यातून तो हजारात तिघांना होतो. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बी त्याच्या कितीतरी पट सहज होतो, पेशंटच्या रक्तात विषाणूचा जोर जास्त असेल तर शंभरातल्या तिसांपर्यंत. तिचे दोन डोस झाले होते. तिसरा सहा महिन्यांनी घ्यायचा, तेव्हा सुट्टी होती. राहिला.

पेशंटचं रक्त रात्रीच तपासायला पाठवलं. सगळं निगेटिव्ह आलं. रिपोर्ट हातात येईपर्यंत ती माझ्या खोलीत स्टुलावर बसून होती आणि मला सारखी आपली कमल दिसत होती. दुसऱ्या वर्षाला कावीळ होऊन गावी गेली ती परत आलीच नाही. होस्टेलमध्ये सगळे म्हणाले, बाहेरची पाणीपुरी खायची ना. तिला सुई टोचली होती का, हे एकीनेही विचारलं नाही. मीही नाही. असेल पाणीपुरीच. पण विचारलं नाही.

ग्लोव्हजचं तर बोलायलाच नको. कोविडनंतर हे एक नवीनच झालंय. एकच जोडी घालून तीन नंबर, चार नंबर, पाच नंबर, मध्येच फोनसुद्धा. ग्लोव्हज घातले की हात धुतल्यासारखंच, असं पक्कं बसलंय. वर त्या ग्लोव्हजलाच सॅनिटायझर चोळतात. मी एकीला म्हटलं, चपला घालून अंघोळ करतेस का गं?

तू म्हणशील, नुसती रडतेस, केलंस काय? सांगते. आधी कपाट उघडायला लावलं. हँडरबच्या बाटल्या स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद होत्या. इन्स्पेक्शन आलं की बाहेर, गेलं की आत, गौरीच्या दागिन्यांसारख्या. स्टोअरवाल्याचं म्हणणं, बाहेर ठेवल्या तर चोरीला जातात, त्यात स्पिरिट असतं, लोक काय करतील सांगता येत नाही. दोन बाटल्या गेल्याही. पण आता प्रत्येक कॉटच्या पायथ्याला तारेच्या रिंगणात एकेक अडकवलीय. आपल्याकडे पाण्याची गत तुला माहीत आहे, मे महिन्यात बेसिनच्या नळाची धार करंगळीएवढी असते, तिच्याखाली साठ सेकंद उभं राहायला कुणाला सांगू? बाटली हातासरशी आली तसा ‘आधी’चा रकाना थोडा हलला. थोडाच. निडल कटर आता ट्रॉलीबरोबर फिरतो, बावीस पावलांचा प्रश्न मिटला. आणि टोचल्याचं सांगायला येईल तिला रागवायचं नाही, मार्क कापायचे नाहीत, हे प्रिन्सिपल मॅडमकडून लेखी घेतलं. त्यासाठी चार वेळा बसावं लागलं. इनचार्जबाईंशी मात्र अजून बोलणं व्हायचंय.

मागच्या आठवड्यात वही पूजाकडे दिली. म्हटलं, आज तू मोज. मी आपली वॉर्डात फिरत होते, एका आजीने हाक मारली, सलाईनचा हात सुजलाय म्हणाल्या. मी गेले, पट्टी उचलून बघितली, दाबून बघितलं, आजींच्या केसांवरून हात फिरवला, मग हँडरब घेतलं. दुपारी वही चाळली. ‘सिस्टर’च्या शेवटच्या ओळीत ‘नंतर’ला एक रेघ होती. ‘आधी’च्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नव्हतं, पण पेन्सिलीचं टोक टेकवून उचलल्याचा एक ठिपका होता. मारू की नको, असं बराच वेळ झालं असावं. मी तिच्याकडे बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती.

बाकी बरं. कोकम पाठवणार होतीस, त्याचं काय झालं? आणि तू गावातल्या केंद्रावर अजून लसीकरणाला हात लावतेस म्हणून विचारते, हेपॅटायटिस बीचा टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिकारशक्ती आली त्याची तपासणी, कधी केलास? दहाच्या वर हवा. माझा मी परवाच करून घेतला, तीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझी,
शोभा

ता.क. होस्टेलच्या गच्चीवरचा आपल्या बॅचचा फोटो तुझ्याकडे असेल तर त्याची कॉपी काढून पाठव. कमल डावीकडून तिसरी होती ना?