चर्चच्या स्वयंपाकघरातून अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम सलाम.

जालन्यात आमच्या मंडळीचं स्वयंपाकघर मी सांभाळते. नाताळ, ईस्टर, हंगामाचा सण, संजीवन सभा, लग्नं आणि मातीनंतरचं जेवण. पंगत कधी साठ पानांची, कधी सहाशेची. पगार कुणालाच नाही. हाताशी महिला मंडळातल्या बाया, मोठ्या कामाला भट्टीवर एक आचारी. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, म्हणजे या भागातल्या ख्रिस्ती पंगती जुन्याच आहेत. पण त्या रांधणाऱ्यांना कुणी काही शिकवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमचं ज्ञान सगळं तोंडी. शंभर पानांना दहा किलो तांदूळ, पोळ्या असतील तर सात. येसराच्या आमटीला पाणी किती, मटणाला वेळ किती, हे एखाद्या म्हातारीला ठाऊक असतं आणि ती गेली की तिच्यासोबत जातं. चव तिनं शिकवली. धोका कुठं असतो, ते तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

भाताचंच घ्या. उद्या सकाळी उपासना, म्हणून रात्रीच भगुणंभर भात उतरवून झाकून ठेवायचा, ही आमच्याकडची सर्रास पद्धत. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही, म्हणून सकाळी वाफ दिलेला भातही बाधतो. मटणाच्या डेगीचा प्रकार वेगळा, पण मूळ तेच: वरून गार लागते आणि मध्ये तासन्‌तास कोमट असते. उपाय साधा आहे. वाढेपर्यंत अन्न साठ अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर परातींत पातळ पसरून लवकर गार करायचं आणि फ्रीजमध्ये टाकायचं. पण आमच्याकडं लग्नं मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढं, वीज कधी जाईल नेम नाही आणि भांडी टँकरच्या पाण्यानं धुवायची. पुस्तकातला उपाय इथं कसा बसवायचा, हे विचारायला माणूस लागतो. तो आम्हाला नाही.

हे दुखणं एकट्या चर्चचं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत नांदेडच्या लोहा तालुक्यात महाप्रसादानंतर दोन हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. उपवासाच्या भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या तर मराठवाड्यात जवळपास दरवर्षी येतात. प्रत्येक वेळी नमुने घेतले जातात, चौकशी होते. रांधणारे हात तेच राहतात आणि पुढच्या सणाला पुन्हा तसेच कामाला लागतात.

कायद्यानं आम्हाला मोजलंय, एवढं मात्र खरं. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारेही लहान अन्न व्यावसायिकांत धरलेत, म्हणजे त्यांनीही नोंदणी करायची. ही नोंदणी विचारायला एका कार्यालयात गेले, तर मला विचारलं, ‘तुमचं हॉटेल कुठं आहे?’ हसू आलं. पण त्या बिचाऱ्यासमोर तरी आमच्यासारखं कोण गेलं असणार!

देवस्थानांच्या प्रसादाच्या स्वच्छतेसाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ‘भोग’ योजना आहे, स्वयंपाक्यांसाठी ‘फोस्टॅक’ प्रशिक्षण आहे. मोठ्या संस्थानांकडं व्यवस्थापक असतो, तो हे सगळं मिळवतो. आमच्याकडं पाळकसाहेब आणि सेक्रेटरी. त्यांना पंगत वेळेवर बसली की पुरे. केंद्राची २०१८ ची ‘सेवा भोज’ योजना तेल-तांदळावरचा केंद्राच्या वाट्याचा जीएसटी परत देते, पण महिन्याला किमान पाच हजार लोकांना मोफत जेवण घालणाऱ्या संस्थेलाच. छोट्या मंडळीनं हा आकडा कुठून आणायचा? हे तुमचं खातं नाही, ठाऊक आहे. दिल्लीत शब्द टाकता आला तर टाका.

तुमच्याकडं मागणं वेगळं आहे. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात सामुदायिक स्वयंपाकघरं चालवणाऱ्यांचं एक मंडळ तुमच्या खात्यानं उभं करावं. चर्च, गुरुद्वारा, दर्गा, मठ, सप्ताहाच्या पंगती, सगळ्यांचं मिळून. तीन महिन्यांतून एकदा अर्धा दिवस, शनिवारी. रविवारी आम्हाला सवड नसते. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी तिथं शिकवायला यावं, नोटीस घेऊन नको. शिकवणं मराठीत आणि चुलीपाशी. हातात थर्मामीटर देऊन डेगीच्या मध्ये बुडवायला लावा, दहा स्लाइडपेक्षा ते जास्त लक्षात राहील. शेवटी बायांना प्रमाणपत्र द्या. काहींना त्यावर बाहेरचं काम मिळेल, आणि ते मिळावंच.

त्याहून मोठा फायदा एकमेकींचा. लातूर-परभणीच्या चर्चमध्ये माझ्याच जागी उभी असलेली बाई मला माहीत नाही. नांदेडच्या हजूर साहिबच्या लंगरात रोज हजारोंचं अन्न शिजतं. त्यांचा सेवादार तासभर बोलला तरी आमचं वर्षाचं शिकणं होईल. अमेरिकेत चर्चची स्वयंपाकघरं चालवणाऱ्यांनी यासाठीच आपली राष्ट्रीय संघटना बांधली. आपल्याकडं सुरुवात एका जिल्ह्यानं झाली तरी चालेल.

पहिली बैठक नाताळाआधी ठेवा. हॉल आमचा, जेवण आमचं. तुमच्या खात्यानं एक अधिकारी आणि थर्मामीटर तेवढे पाठवावेत.

आपली,
एका मंडळीच्या स्वयंपाकघराची प्रमुख, जालना